घोड्याच्या कपाळावरचं पाणी

धार,
पितृपक्ष, भाद्रपद वद्य

प्रिय अजेय,

पाकीट बघून आधी हसशील. दिवसाआड फोनवर बोलणारा माणूस पत्र कशाला लिहितो, आणि तेही मराठीत? तर ऐक. फोनवर तू 'हां भिया, हां भिया' म्हणतोस तेव्हा मागे तुझ्या बँकेतल्या कीबोर्डची टकटक चालू असते. ती थांबत नाही म्हणजे तू ऐकत नाहीस, एवढं मला कळतं. माझे कान तुला ठाऊक आहेत. आणि मराठी अशासाठी, की हिंदी तू पेपर चाळावा तशी वाचतोस, पण मराठी वाचताना अजून ओठ हलवतोस. माईच्या रविवारच्या वर्गात आपण शेजारी बसायचो तेव्हापासून. आज मला घाईत वाचणारा अजेय नको, ओठ हलवणारा हवा. घरी वाचू नकोस. देवीच्या टेकडीच्या पायऱ्या अर्ध्या चढ, सावली बघून बस, आणि एकट्याने वाच. अल्पनाला दे, पण नंतर.

घटस्थापनेच्या आधी तू ट्रक घेऊन येणार आणि माईला कायमची देवासला नेणार, हे तुझ्या वडिलांच्या, आमच्या काकांच्या, तिथीला तू सगळ्यांसमोर सांगितलंस. पंगतीत सगळ्यांनी माना डोलावल्या. माईने पण डोलावली. मी तिच्या समोरच होतो. तिच्या हातातली पळी पातेल्याच्या काठाला टेकली होती आणि बारीक वाजत होती. माई दुसऱ्या दिवशी बांधाबांधीला लागली. पितळी डबे शेजारच्या बकुळामावशींना दिले. पोरांच्या वर्गाची फळी उतरवून भिंतीला उलटी लावली. मी म्हटलं, माई, वर्ग तर देवासलाही घेता येईल. तर म्हणाली, नको रे शालिग्राम, दुसऱ्यांची लेकरं असतात, माझ्याच्याने काही झालं तर. अजेय, जी बाई गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कान धरत आली, ती आता दुसऱ्याच्या लेकराला हात लावायला भिते. देवास वाईट नाही, तू वाईट नाहीस, अल्पना तर नाहीच नाही. पण ती राहायला येत नाहीये, कैद्यासारखी हजर व्हायला येतेय. आणि ज्या गुन्ह्यासाठी येतेय तो तिने केलेला नाही. एवढ्यासाठी हा कागद.

आता त्या डब्याचं, काकांच्या गाडीचं, सांगतो. उन्हाळ्यात तू म्हणालास, भिया, वो डब्बा उठवा दो, भंगारवाल्याला देऊन टाक, माईच्या डोळ्यांसमोरून गेला की बरं. तिथीला तू मला विचारलंस, डब्बा गया? मी म्हटलं, गया. ते खोटं नव्हतं. तुमच्या शेडमधून गेलाच होता. माझ्या दुकानात गेला होता, इतकंच.

का नेला, तर हावरटपणाने. अख्ख्या धारेत तशी विजेची गाडी दुसरी नव्हती. काकांनी रिटायर झाल्यावर ती जुनीच इंदूरहून आणली तेव्हा घोडा चौपाटीवर पोरं मागे धावायची. पुढे दोन माणसं, मागे दोन लेकरं, आणि आवाज काही नाही. काका म्हणायचे, शालिग्राम, ही तुझ्या कामाची नाही, ही बोलत नाही. ते मला लागलं होतं. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून पंपाचं दुखणं सांगणारा माणूस. त्याच कानांवर दुकान उभं राहिलं, मग दुसरं, मग बदनावरचं. बदनावरच्या मंडीतले शेतकरी मोटर टेम्पोतून उतरवायच्या आधी मला म्हणतात, सेठ, पहले सुन लो. तर ही न बोलणारी एकदा बोलती करावी, असं फार दिवसांपासून मनात होतं.

नेली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. बॅटऱ्या फुगून सीटच्या खोक्यात अडकलेल्या, रबर सगळं उंदरांनी खाल्लेलं, मागच्या सीटवर मांजरीने संसार थाटलेला. पुढचा उजवा कोपरा मात्र तसाच होता, बकुळामावशींच्या ओट्याच्या खांबावर आदळून चेपलेला. पावसाळाभर मी आणि माझा मानाजी तिच्यामागे लागलो. पार्ट मिळत नाहीत, कंपनी कधीच बंद झाली. मोटर उघडली, धुतली, ब्रश घासून बसवले. बॅटऱ्या नव्या घातल्या. चेपलेला कोपरा पत्रेवाल्या पियुषने असा काढला की हात फिरवून कळणार नाही. रंग तोच, काकांचा, कच्च्या कैरीचा. तुझी वहिनी सुभद्रा म्हणायची, घरच्या मिक्सरला महिना झाला, त्याचा नंबर कधी?

पण खरं सांगू, या सगळ्यात मी एकच गोष्ट शोधत होतो. करोनाच्या आदल्या दसऱ्याला संध्याकाळी माई तुझ्या चिऊला शेजारी बसवून कालिकेला सोनं वाहायला निघाली, आणि गाडी फाटकातून उडी मारून खांबावर गेली. चिऊच्या भुवईला टाके पडले. माई तेव्हा एकच म्हणत होती, मी काही दाबलं नाही, ती आपोआप गेली. आणि माझ्या धंद्यात, अजेय, आपोआप हा शब्द मी रोज ऐकतो. मोटर जळाली की गिऱ्हाईक सांगतं, अपने आप जल गई. उघडून बघावं तर कुणीतरी पाण्याविना रात्रभर चालवलेली. म्हणून मी पण मनात तेच धरलं होतं, जे तू धरलंस. दुसऱ्या दिवशी तू चावी फिरवून बघितलीस, गाडी गरीब गाईसारखी उभी. झालं, निकाल लागला. तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर माई भांडली असती. तू तिच्या पाठीवर हात ठेवून हळू बोललास, माई, होतं असं, वय झालं आता, सोड गाडी. त्या हळू बोलण्याशी कोण भांडणार? मग काका गेले, तुझी बदली देवासला झाली, आणि ते हळू बोलणं वाढत गेलं. गॅस तू लावू नको, राहू दे. चिऊला खाली तू नेऊ नको, अल्पना नेईल. गेल्या नवरात्रात माईला घेऊन मी देवासच्या टेकडीवर आलो होतो ना, तेव्हा बघितलं. रस्ता ओलांडताना माईने चिऊचा एक हात धरला की अल्पना न बोलता दुसरा धरते. चिऊ बिचारी दोघींच्या मध्ये लोंबकळते. अल्पनाचा दोष नाही, तिच्या डोळ्यांसमोर टाके आहेत. पण माईने ते दर वेळी बघितलंय.

तर मी शोधत होतो. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं अधांतरी, आणि चावी फिरव, बंद कर, फिरव, बंद कर. आठवडे गेले. टक् असा आवाज यायचा, जो यायलाच हवा, आणि मग शांतता. पॅडल दाबलं की चाक फिरायचं, सोडलं की थांबायचं. काहीच खोट नाही. मानाजी म्हणाला, सेठ, खोट बाईच्या पायात होती, आता हिला सोडा. मी त्याला गप्प केलं, पण मनातून मीही सोडलंच होतं.

तिथीनंतर दोन-तीन दिवसांनी माई दुकानात आली. गाडी माझ्याकडे आहे हे तिला सुभद्राने सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. माईने गाडीभोवती एक फेरी मारली, देवळाला मारावी तशी. रंगावर हात फिरवला. मग म्हणाली, शालिग्राम, मला आता वाटतं मीच दाबलं असेल. सगळे म्हणतात त्याअर्थी दाबलंच असेल. ते वाक्य तिने अगदी सहज म्हटलं. चूक कबूल करणाऱ्याचा आवाज जड होतो, मी ऐकलाय. हिचा हलका होता. भांडून दमलेल्या माणसाचा आवाज. मी तिला स्टुलावर बसवलं आणि जे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही ते विचारलं. माई, तेव्हा आवाज कसा आला होता?

तिने डोळे मिटले. म्हणाली, चावी फिरवली, टक् झालं. मग मी चिऊच्या फ्रॉकची गाठ सारखी करायला वळले, तिच्या ओंजळीतली आपट्याची पानं सांडत होती. पाय खाली जमिनीवरच होते. आणि तेवढ्यात कानाशी डास यावा तसा आवाज आला, बारीक, मग मोठा. मी म्हटलं डास कुठला आत्ता, आणि गाडी सुटली. पुढे घाबरून काय काय दाबलं ते देव जाणे. अजेय, हा डास कुणी बनवून सांगू शकत नाही. वीज मोटरकडे जायला लागली की गाडीचा मेंदू, तो कंट्रोलर, तसाच गुणगुणतो. बनवाबनवी करणारा माणूस धाड म्हणतो, धूम म्हणतो. डास कुणी म्हणत नाही.

मी पुढचं झाकण उघडलं. काचेच्या खाली जाळी आहे, तिच्या आत पॅडलच्या तारांचा जोड. पाय किती दाबला ते या तारा मेंदूला सांगतात. जोड हिरवा पडला होता, ते मी आधीही बघितलं होतं, जुन्या गाडीत असतंच म्हणून सोडून दिलं होतं. माई वाकून बघायला लागली आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला. जाळीच्या एका खिळ्यात प्लॅस्टिकचा कपटा अडकला होता, सांचीच्या दुधाच्या पिशवीचा, निळी अक्षरं अर्धी दिसत होती. ती म्हणाली, हे दरवर्षी पूजेच्या आधी इथे दुधाची पिशवी घालायचे. एवढं म्हणून थांबली. मग एकदम उठली, म्हणाली, निघते, दूध उतू जाईल. भरदुपारी कसलं दूध? पदर तोंडाशी धरून ती रिक्षात बसली.

आता तुझं घराणं मी तुला शिकवायला नको. तुझे पणजोबा संस्थानच्या पागेचे पागनीस, माझे पणजोबा त्याच पागेत घोड्यांना खरारा करणारे. म्हणून तुमची रीत मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. दसऱ्याला सकाळी सगळं जग नारळ फोडतं आणि दोन थेंब शिंपडतं. पागनिसांकडे नारळाचं पाणी तांब्यात धरायचं, त्यात साखर घालायची, आणि घोड्याच्या कपाळावर, दोन कानांच्या मध्ये, पुरं ओतायचं. घोडा मान झटकायचा, पाणी चार हात उडायचं, ज्याच्या अंगावर पडलं त्याचं वर्ष चांगलं. माझे आजोबा सांगायचे, लगाम आमच्या हातात असल्यामुळे सगळ्यात जास्त आमच्यावर पडायचं, तरी वर्ष चांगलं काही जायचं नाही. घोडे गेले, मग काकांची स्कूटर आली, मग ही गाडी. गाडीचं कपाळ म्हणजे काचेच्या खालची ती जाळी. पण घोडा मान झटकतो, अजेय. गाडी झटकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात नारळ फोडला. तांब्यात धरलं, साखर घातली, आणि जाळीत ओतलं, पुरं, तुमच्या रीतीने. मानाजीला वाटलं सेठचं डोकं फिरलं. लगेच चावी फिरवली, काही नाही. तासाभराने, काही नाही. मग मी कामाला लागलो. उन्हं उतरायला आली, दसऱ्याला सोनं वाहायला निघायची वेळ असते तशी. सुभद्रा चहा घेऊन आली आणि गाडीच्या अगदी पुढ्यात उभी राहून मिक्सरबद्दल बोलायला लागली. मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. आत कुणी नाही. पॅडलवर काही नाही. टक्. मी वाट बघितली. सुभद्रा बोलतच होती, आणि तिच्या बोलण्याच्या खालून मला तो डास ऐकू आला. मी ओरडलो, हट तिथून. ती हटली नाही, उलट म्हणाली, माझ्यावर कशाला ओरडता. तेवढ्यात चाकं फिरायला लागली, आणि मग अशी फिरली की ठोकळे कुरकुरले. एक ठोकळा सरकला. मानाजीने बॅटरीची वायर ओढून काढली म्हणून, नाहीतर सुभद्रा आणि तिच्यामागची भिंत. कपबश्या फुटल्या, चहा सगळीकडे. ती मटकन खाली बसली आणि मी तिच्याजवळ बसलो. माझ्या डोळ्यांसमोर ओंजळीत आपट्याची पानं घेतलेली चिऊ होती.

ते गोड खारट पाणी जोडात उतरतं, सुकायला लागतं, आणि अर्धवट सुकलं की तारांमध्ये भलताच रस्ता उघडतो. गाडीला वाटतं पाय पुरता दाबलाय. सकाळची पूजा, संध्याकाळची उडी, आणि दुसऱ्या दिवशी सुकून गरीब गाय. मी सकाळी पुन्हा चावी फिरवली, खरंच गरीब गाय. तू जे बघितलंस तेच.

मी तसाच माईकडे गेलो. वाटलं होतं, सांगेन, ती रडेल, मग हसेल, मग तुला फोन लावू. तिने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, सापडलं ना? तिला आधीच कळलं होतं, त्या दुधाच्या पिशवीपाशीच. मला बसवून तिने भुट्ट्याचा कीस दिला, आणि मी खात असताना शांतपणे म्हणाली, तार बदल, गाडी कुणाला तरी देऊन टाक, आणि अजेयला यातलं अक्षर सांगू नकोस. मी म्हटलं, माई, तू सुटलीस. ती म्हणाली, मी सुटले ना, मला कळलं ना, पुरे. तो लेकीच्या भुवईवरची खूण रोज बघतो. बघून माझ्याकडे बोट दाखवतो, म्हणून त्याला झोप लागते. ते बोट त्याला वळवायला लावू नकोस.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कीस संपवला. ती समजली असेल की मी कबूल झालो. समजू दे.

आता तुला आठवलं असेल. नसेल तर मीच सांगतो, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा. त्या वर्षी काका अंथरुणावर होते, हात थरथरत होता, म्हणून पूजा तू केलीस. पाणी जोडात उतरू नये म्हणून घातलेल्या पिशवीचं काका कुणाला बोलले नव्हते, रीत मोडली असं वाटू नये म्हणून गुपचूप घालत असणार. आणि तू पिशवीविनाच, रीतीप्रमाणे, तांब्या पुरा ओतलास. मी फाटकात उभा होतो, मी ऐकलं. तू पुटपुटत होतास, दादांना बरं वाटू दे. अजेय, मुलाने बापासाठी देवाकडे मागितलं, याला मी गुन्हा म्हणणार नाही, आणि तुला म्हणू देणार नाही. त्या जागी मी असतो तर दोन नारळ फोडले असते. पण माईने त्याचं ओझं सहा वर्षं उचललं, आणि आता कळून-सवरून जन्मभर उचलायला निघालीय. हे मला ऐकवत नाही. तार मी अजून बदललेली नाही. गाडी ठोकळ्यांवर आहे, नवे ठोकळे, साखळीने बांधलेली, आणि नारळ आणून ठेवलाय. ट्रक सांगितला असशील तर थांबव आणि चिऊला घेऊन ये. तुला बघायचं असेल तर दाखवेन, नसेल तर तुझ्यासमोर नवी तार जोडेन. पण आधी घरी जा. माईची माफी मागू नकोस, तिला माफ केलं असंही म्हणू नकोस. चिऊला तिच्या मांडीवर बसू दे, तू समोर बस, आणि फक्त विचार, माई, तेव्हा आवाज कसा आला होता? मग ती काय सांगते ते गप्प बसून ऐक.

तुझाच,
शालिग्राम